पंचाची शिट्टी आणि पैलवानाचे पाय

आमच्या घरी लोखंडी ट्रंकेत वहीचे एक पान अजून जपून ठेवले आहे. त्यावर कविता नाही. सहा ओळी आहेत, आकडे आहेत आणि एका ठिकाणी शाई फुटली आहे. १९८६ साली एका आंतरमहाविद्यालयीन कुस्ती स्पर्धेत बाकावर बसून मी ते लिहिले. कुस्ती खेळत होते माझे थोरले भाऊ. आम्ही त्यांना भाईजान म्हणतो. ते पदवीच्या शेवटच्या वर्षाला होते आणि मी त्याच कॉलेजात बी. ए.च्या पहिल्या वर्षाला.

त्या वेळी कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असे. पहिल्या फेरीत यजमान कॉलेजच्या मुलाने भाईजानची पाठ क्षणभर गादीकडे वळवली आणि दोन गुण घेतले. त्यानंतर तो मागे मागेच सरत राहिला. हात पुढे, पाय मागे. असे चार वेळा झाले. प्रत्येक वेळी मी घड्याळ बघून सेकंद लिहून ठेवले. त्याला एकही ताकीद मिळाली नाही. उलट याच फेरीत भाईजानना एक मिळाली. दुसऱ्या फेरीत भाईजाननी ताबा घेऊन त्याला फिरवले आणि तीन-दोन अशी आघाडी घेतली. मग शेवटच्या मिनिटात तेही मागे सरू लागले. हे मी लपवत नाही. पंचांनी शिट्टी मारली, दुसरी ताकीद. पुन्हा शिट्टी, तिसरी ताकीद. तिसऱ्या ताकिदीला कुस्ती जात असे. एका गुणाने पुढे असलेला पैलवान बारा सेकंद बाकी असताना हरला.

तक्रार करायची तर अनामत भरावी लागे. आमच्या खिशात एस.टी.च्या भाड्यापुरते पैसे होते. आमचे सर म्हणाले, ''जाऊ दे.'' विद्यापीठाच्या संघातली जागा गेली, आणि त्या जागेच्या भरवशावर मनात बांधलेली नोकरीही गेली. मी ते पान घडी करून खिशात घातले. एवढी वर्षे झाली, पण एक प्रश्न डोक्यातून गेला नाही. न लढणे हा गुन्हा असेल, तर तो मोजायचा कसा?

इतिहासात हा प्रश्न जुना आहे. आपल्याकडच्या जत्रेतल्या कुस्तीत घड्याळ नव्हते. पैलवान खडाखडी करत राहिले, हाताला हात लावून नुसते फिरत राहिले, की लोक ओरडत आणि हलगीवाला हलगी वाढवी. वेळकाढूपणाला शिक्षा होती ती लोकलाजेची. कुस्ती निकाली व्हावी, पाठ मातीला लागावी, हीच सगळ्यांची इच्छा असे. नाहीच झाली तर पंच दोघांचे हात वर करून बरोबरीत सोडवत.

पण जिथे ही लाज चालत नाही तिथे काय होते, ते गामा पैलवानाने १९१० साली लंडनमध्ये पाहिले. १० सप्टेंबरला त्याची कुस्ती पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झिबिस्कोशी लागली. गामाने त्याला पहिल्या मिनिटातच खाली घेतले. झिबिस्को पोटावर पडला तो जवळपास सगळा वेळ तसाच पडून राहिला. सुमारे अडीच तास! अंगाने तो गामापेक्षा कितीतरी जड. गामा त्याला उलटवायला बघतोय आणि तो गादीला चिकटून बसलाय. त्याला 'ऊठ आणि लढ' असे भाग पाडण्याचे साधन त्या दिवशी पंचाकडे नव्हते. शेवटी कुस्ती बरोबरीत सोडवली. १७ सप्टेंबरला पुन्हा लढत ठरली, तेव्हा झिबिस्को आलाच नाही आणि गामाला विजयी ठरवले गेले. पुढे १९२८ साली पतियाळात दोघे समोरासमोर आले, तेव्हा गामाने त्याला मिनिटाच्या आत चीत केले. लंडनचे अडीच तास आणि पतियाळाचे एक मिनिट! पैलवान तेच होते, पण पतियाळात लपायला जागा मिळाली नाही.

१९१२ साली शाहू महाराजांच्या कोल्हापुरात खासबाग मैदान सुरू झाले. चहूबाजूंनी बसलेल्या हजारो माणसांना मधली माती सारखी दिसावी, अशी त्याची बांधणी. त्याच वर्षी स्टॉकहोमच्या ऑलिम्पिकमध्ये रशियाच्या संघातून खेळणारा एस्टोनियाचा मार्टिन क्लाइन आणि फिनलंडचा आल्फ्रेड आसिकाइनन यांची कुस्ती अकरा तास चाळीस मिनिटे चालली. क्लाइन जिंकला, पण इतका दमला की अंतिम कुस्तीला उतरूच शकला नाही. दुसऱ्या वजनगटातली अंतिम कुस्ती नऊ तास चालूनही निकाली निघाली नाही. पंचांनी दोघांनाही रौप्यपदक दिले, सुवर्णपदक कुणालाच दिले नाही. एवढे झाल्यावर वेळेची मर्यादा येणारच होती. वेळ आली म्हणून गुण आले. गुण आले म्हणून आघाडी राखणे आले, आणि आघाडी राखणे आले तशी चालढकल आली. मग चालढकलीला ताकीद आली. ताकीद द्यायला कुणीतरी लागतो, म्हणून सगळा भार पंचाच्या डोळ्यावर येऊन पडला.

तो डोळा सरळ नसला तर काय होते, हे खाशाबा जाधवांना विचारायला हवे होते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकले. १९४८च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते सहावे आले. १९५२ साली मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला मुद्दाम एक गुण कमी दिला, अशी तक्रार त्यांनी केली. पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती लावली गेली आणि त्यांनी त्याच प्रतिस्पर्ध्याला चीत केले. प्रवासाला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवले. हेलसिंकीत एक लांबलेली कुस्ती संपताच खाशाबांना लगेच सोव्हिएत मल्लाशी लढायला बोलावले. मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती, पण तसे सांगायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता, असे त्यांच्याविषयी लिहिणाऱ्यांनी नोंदवले आहे. ती कुस्ती ते हरले. तरी कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

मद्रासला दाद लागली आणि हेलसिंकीला लागली नाही, यात मला आमच्या अनामत रकमेची आठवण होते. नियम पुस्तकात असतो, पण तो मागायला कुणीतरी उभे राहावे लागते.

अमेरिकेतल्या कॉलेजांच्या कुस्तीत चालढकलीचा हिशेब फार काटेकोर लिहिलेला आहे. आधी ताकीद, मग समोरच्याला एक गुण, मग आणखी एक, मग दोन आणि त्यानंतर कुस्तीतून बाहेर. असा जिना नीट बांधूनही तिथले प्रेक्षक दर शनिवारी पंचांवर ओरडतातच. कारण कितव्या पायरीवर काय, हे नियम सांगतो. पायरी चढायची केव्हा, हे पंचाच्याच मनात असते. पहिल्या मिनिटात जे पंच सोडून देतो, तेच शेवटच्या मिनिटात पकडतो.

या मनाचा जाच नको म्हणून जागतिक कुस्ती संघटनेने एकदा ते नशिबावरच सोपवले होते. २००५ नंतरच्या काही वर्षांत फेरी शून्य-शून्य सुटली की पिशवीत हात घालून रंगीत चेंडू काढत. ज्याच्या रंगाचा चेंडू निघेल त्याला समोरच्याचा पाय धरून सुरुवात करायला मिळे, आणि बहुतेक वेळा फेरी तोच जिंके. पक्षपात संपला खरा, पण कुस्तीही संपत आली. फेब्रुवारी २०१३ मध्ये ऑलिम्पिक समितीच्या कार्यकारी मंडळाने कुस्तीला मुख्य खेळांतून वगळण्याची शिफारस केली. तेव्हा सगळे जागे झाले. नियम बदलले आणि सप्टेंबरात कुस्ती परत आली. आता दोन मिनिटे गुण झाला नाही, तर दोघांपैकी निष्क्रिय कोण हे पंचांना ठरवावेच लागते. त्या मल्लाला तीस सेकंद मिळतात, आणि तेवढ्यात कुणीच गुण घेतला नाही तर एक गुण समोरच्याला. चेंडूची पिशवी गेली आणि पुन्हा माणसाचा डोळा आला.

आपल्याकडे हा डोळा किती वादाचा झाला आहे, ते आपण पाहतोच. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यातल्या महाराष्ट्र केसरीत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या लढतीत बाहेरच्या टांगेला दिलेल्या चार गुणांवरून महाराष्ट्रभर वाद पेटला. सिकंदरने त्याच वर्षी नोव्हेंबरात गदा मिळवून उत्तर दिले. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला शिवराज राक्षे निकालावर चिडून पंचांवर धावून गेला, आणि त्याच दिवशी अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाड काही सेकंद बाकी असताना मैदान सोडून गेला. दोघांवर तीन वर्षांच्या बंदीची कारवाई जाहीर झाली. पंचाला हात लावणे चूकच. पण त्या रात्री टीव्हीसमोर बसलेले भाईजान काहीच बोलले नाहीत, हेही मी पाहिले.

भाईजान आता साठी ओलांडून गेले आहेत. पुढे साखर कारखान्यात नोकरी केली, आणि गेली वीस-बावीस वर्षे आसपासच्या गावांच्या जत्रेत ते पंच म्हणून उभे राहतात. शिट्टीने ज्याचा घात केला, त्याच माणसाने गळ्यात शिट्टी अडकवली, याचे मला सुरुवातीला नवल वाटले होते. एकदा मी त्यांना विचारले, ''भाईजान, कोण लढतोय आणि कोण वेळ काढतोय, हे तुम्ही ओळखता कसं?''

ते म्हणाले, ''पाय बघायचे. हात लबाडी करतात, खांद्यावर, मानेवर उगाच थापा मारत राहतात. पाय लबाडी करत नाहीत. ज्याला लढायचं असतं त्याचा पाय पुढं पडतो.''

मी ट्रंकेतले ते पान काढून त्यांच्यापुढे ठेवले. चष्मा लावून त्यांनी सहाही ओळी वाचल्या. म्हणाले, ''तू सेकंद बरोबर लिहिलेस. पण हे त्याचेच लिहिलेस. शेवटच्या मिनिटातले माझे कुठे आहेत?''

मी गप्प राहिलो. खरोखरच मी भाईजानच्या मागे सरण्याचे सेकंद लिहिलेच नव्हते. पंच यजमानांकडे झुकला होता हे खरे, पण वही भावाकडे झुकली होती.

''त्या पंचानं दोघांनाही ताकीद द्यायला हवी होती,'' भाईजान म्हणाले. ''मला दिली ती चूक नव्हती. त्याला दिली नाही, ती चूक.''

अब्बा म्हणत, माणसाची नियत अल्लाला कळते. पंच तर आपल्यासारखाच माणूस, त्याला फक्त पाय दिसतात. मग निदान दोघांचेही पाय त्याने सारख्याच डोळ्याने बघावेत, एवढीच पैलवानाची मागणी असते. गामाची ती होती, खाशाबांची होती, आणि कुठल्याशा कॉलेजच्या गादीवर बारा सेकंदांसाठी हरलेल्या मुलाचीही होती. ते पान मी पुन्हा ट्रंकेत ठेवले आहे. ठेवण्यापूर्वी खाली सातवी ओळ लिहिली: ''शेवटच्या मिनिटात भाईजानही मागे सरत होते.''

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)