दवाखान्याचे दप्तर आणि घरची याद

पेशवाईतल्या कारकुनांनी दाणावैरणीपासून देवस्थानाच्या तेलवातीपर्यंत सारे काही रोजकीर्दीत चढवले. परंतु घरातल्या आजारी माणसाने कोणती मात्रा किती दिवस घेतली, याची याद रोग्याने स्वतः राखावी, असे त्या लेखनप्रिय समाजाला वाटल्याचे फारसे दिसत नाही. त्याचे कारण आळस खचित नव्हे. वैद्य बहुधा एकच, औषध त्याच्याच खलातून उतरलेले. आणि चरकाने रोगिपरीक्षेच्या दहा अंगांत गणलेले ‘सात्म्य’, म्हणजे कोणाला काय मानवते हे ज्ञान, त्याच्या स्मरणात असे. वैद्याच्या पश्चात मुलाच्या हाती बाड येई. त्यात पाठ आणि अनुपाने असत, रोगी मात्र क्वचितच.

1845 साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले, आणि 1851 मध्ये भाऊ दाजींसारखे पहिले पदवीधर त्यातून बाहेर पडले. नव्या विद्येबरोबर दवाखाना आला, दवाखान्याबरोबर कंपाउंडर. रोग्याने रिकामी बाटली घरून न्यावी, कंपाउंडरने मोठ्या बरण्यांतून लाल किंवा पिवळे मिक्श्चर ओतून तिच्या अंगावर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवावी, आणि तिच्या एका खाचेपासून दुसरीपर्यंत एक डोस समजावा, असा तो व्यवहार होता. बाटलीत काय आहे हे विचारणे मर्यादेला सोडून मानले जाई. ‘तांबडे औषध’ एवढीच रोग्याची माहिती! मला हा काळ अनेकांना वाटतो तितका रम्य वाटत नाही. परंतु एक खरे की, बाटली आणि तिची नोंद एकाच छपराखाली असे.

ही घडी मोडली ती तयार गोळ्यांनी. भेसळीच्या तक्रारींवरून नेमलेल्या चोप्रा समितीच्या चौकशीनंतर 1940 चा औषध कायदा आणि 1945 चे नियम आले. त्यांनी विक्रेत्यावर दप्तराचा भार टाकला: चिठ्ठीवर रोग्याचे नाव-पत्ता, औषधाचे प्रमाण, डॉक्टरांची सही आणि तारीख असावी; औषध देताना दुकानदाराने सहीच्या वर आपले नाव, पत्ता व तारीख घालावी. 1948 च्या फार्मसी कायद्याने औषध देणाऱ्याच्या पात्रतेचेही नियमन झाले. इस्पितळाचा केसपेपर इस्पितळात, दुकानाचे रजिस्टर दुकानात; मात्र ज्याच्या पोटात ही सारी औषधे एकत्र यायची, त्याच्याकडे कोणतेच दप्तर नाही, याकडे कायदा करणाऱ्यांचे लक्ष गेले नाही.

पुढे हृदयाचे, साखरेचे, सांध्यांचे डॉक्टर निराळे झाले, आणि एकच द्रव्य दोन कंपन्यांच्या दोन नावांनी एकाच घरात येऊ लागले. जागतिक आरोग्य संघटनेने औषधांपासून होणारी हानी टाळण्याची जागतिक मोहीम 2017 साली आरंभिली; परंतु ज्या गृहिणीने दुधाचा हिशेब कॅलेंडरवर मांडता मांडता घरातल्या वृद्धांच्या गोळ्या एका कागदावर उतरवून कपाटाच्या दाराला आतून डकवल्या, तिला कोणाच्या ठरावाची गरज पडली नव्हती. त्या कागदावर औषधाचे मूळ नाव, मात्रा, वेळ, कोणी आणि केव्हा सुरू केले हे असावे. पेनिसिलिन किंवा सल्फा बाधत असल्यास ते ठळक लिहावे. बंद झालेले औषध तारीख घालून खोडावे.

राहतात ती औषधे, ज्यांना आपण औषध म्हणतच नाही: डोळ्यांतले थेंब, दुकानातून परस्पर आणलेली वेदनाशामक गोळी, आणि वैद्यांचा काढा. डॉक्टरांकडे वैद्यांचे नाव काढायचे नाही आणि वैद्यांकडे डॉक्टरांचे, हा आमच्याकडचा जुना संकोच. त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वी भूल देणारे डॉक्टर ‘आणखी काही घेता का?’ म्हणून विचारतात, तेव्हा रोगी बिनदिक्कत ‘नाही’ म्हणतो, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर चाललेल्या काढ्याची वर्दी त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.