ओली चिंधी आणि दोन तापमापक

गेल्या वर्षी बाप्पांच्या आगमनाच्या मिरवणुकीत आपल्या ढोलपथकातला कॉलेजात जाणारा एक मुलगा घेरी येऊन रस्त्याच्या कडेला बसला. लिंबू-सरबत दिले, अर्धा तास पंख्याखाली बसवले आणि बाप्पांच्या कृपेने तो बरा झाला. पण जमलेल्या मंडळींत चर्चा एकच होती, "अहो, आज तर ३२ अंशच आहे! आपण भिलाईची माणसे नवतपात ४५ अंश सोसतो, आणि या पोराला ३२ मध्ये चक्कर?"

मी तेव्हा काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला घरचा ओला-कोरडा तापमापक घेऊन मांडवात गेलो. कोरड्याने ३२ अंश दाखवले, ओल्याने २८. कोष्टकात पाहिले तर हवेतली आर्द्रता सुमारे ७४ टक्के निघाली. त्या मुलाच्या घेरीचे कारण ३२ मध्ये नव्हते, २८ मध्ये होते. या दुसऱ्या आकड्याची हकीकत स्मरणिकेतून सांगावी असे तेव्हाच मनात आले.

मी रेल्वेत नोकरीला आहे. पदविका घेऊन लागलो तेव्हा पहिली काही वर्षे वातानुकूलित डब्यांच्या देखभालीत गेली. तिथे हे उपकरण प्रथम हातात आले. एका पट्टीवर दोन सारखे तापमापक असतात. त्यातल्या एकाच्या बल्बला मलमलची ओली चिंधी गुंडाळलेली असते. मूठ धरून ते गोफणीसारखे गरगर फिरवायचे आणि थांबताच आधी ओला तापमापक वाचायचा. चिंधीतले पाणी उडून जाताना बल्बची उष्णता घेऊन जाते, म्हणून ओला पारा खाली उतरतो. हवा कोरडी असेल तर तो खूप उतरतो, दमट असेल तर थोडा. दोघांतल्या फरकावरून आर्द्रता कळते.

वाचकहो, हे तत्त्व आपल्या प्रत्येकाच्या खिडकीत बसवलेले आहे. आपला कूलर म्हणजे एक मोठा ओला बल्बच! मे महिन्यात कोरडा ४२ आणि ओला २२ असेल तर आर्द्रता जेमतेम १६ टक्के असते आणि कूलरला खाली उतरायला २० अंशांची जागा असते. जुलैत कोरडा ३१ आणि ओला २८ झाला की आर्द्रता ८० टक्के, आणि जागा उरते फक्त ३ अंशांची. मग कूलर वारा देतो, गारवा देत नाही. आपले शरीरही घामाच्या रूपाने हेच करत असते. घाम नुसता गळून उपयोग नाही, तो उडाला पाहिजे.

नोकरीच्या सुरुवातीच्या एका पावसाळ्यात माझ्या हातून एक चूक झाली. एका डब्यात आर्द्रता फार जास्त आहे असे मी नोंदवले आणि चांगल्या चालणाऱ्या यंत्राची उघडझाप करण्यात दोन-तीन तास घालवले. शेवटी नागपूरकडचे एक बुजुर्ग मिस्त्री आले. त्यांनी माझा तापमापक घेतला, चिंधीला बोट लावले आणि म्हणाले, "साहेब, यंत्र बरोबर आहे. तुमची चिंधी वाळली आहे." नळाच्या पाण्यातल्या क्षारांनी चिंधी कडक झाली होती आणि पाणी धरत नव्हती. साहजिकच ओला पारा पुरेसा उतरला नाही आणि हवा आहे त्यापेक्षा दमट दिसली. त्या दिवसापासून या चिंधीचा इतिहास वाचायचा छंद लागला.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात एडिंबरो येथील भूशास्त्रज्ञ जेम्स हटन तापमापकाचा बल्ब ओला करून वाऱ्यात धरीत आणि पारा किती उतरतो त्यावरून हवेचा कोरडेपणा ताडत. पुढे १८२५ साली जर्मनीत अर्न्स्ट फर्डिनांड ऑगस्ट यांनी दोन तापमापकांच्या जोडीला 'सायक्रोमीटर', म्हणजे थंडावा मोजणारा, असे नाव दिले.

भारतात या विषयावर ज्यांनी कसून प्रयोग केले ते होते जेम्स प्रिन्सेप. आपण त्यांना ब्राह्मी लिपी वाचणारे, अशोकाचे शिलालेख उलगडणारे म्हणून ओळखतो. पण त्यांचा पेशा टांकसाळीतल्या धातुपरीक्षकाचा, आधी बनारसला आणि मग कलकत्त्याला. भट्टीचे प्रचंड तापमान सोने, चांदी आणि प्लॅटिनमच्या मिश्रधातूंवरून कसे ओळखावे यावर त्यांचा निबंध १८२८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला. पोलादाच्या गावात राहणाऱ्या आपल्याला त्याचे मोल वेगळे सांगायला नको. ओल्या बल्बचा पारा किती उतरतो यावरचे त्यांचे प्रयोग १८३६ साली एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आले, आणि १८३७ मध्ये ब्राह्मीचे कोडे सुटले. म्हणजे झटणारी भट्टी, ओली चिंधी आणि अशोकाची अक्षरे, तिन्ही एकाच माणसाने तितक्याच चिकाटीने वाचली.

आपल्या मराठी माणसाचा संबंध येतो तो मुंबईच्या कुलाबा वेधशाळेशी. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली ती स्थापन केली आणि १८४१ पासून तिथे चुंबकत्वाच्या आणि हवामानाच्या नियमित नोंदी सुरू झाल्या. त्या सुरुवातीच्या काळात प्रोफेसर ऑर्लेबार यांच्या हाताखाली एक तरुण मराठी साहाय्यक काम करीत होता. हेच अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे. पुढे पुण्यास ते गणिताचे प्राध्यापक झाले आणि डेक्कन कॉलेजात लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी होते. आकाशाशी जुळणारे पंचांग असावे म्हणून त्यांनी काढलेले 'पटवर्धनी पंचांग' प्रसिद्ध आहे. ज्या लोकमान्यांनी गणेशोत्सव चौकात आणला, त्यांच्या गुरूंची उमेदवारी हवा मोजण्यात गेली होती, हे आपल्या मांडवातल्या प्रत्येकाला ठाऊक असावे असे मला वाटते.

वेधशाळेतले काम म्हणजे काही भव्य नव्हे. पहाट असो, पाऊस असो, ठरल्या वेळेला उठायचे, पारा वाचायचा आणि दिसला तोच आकडा लिहायचा. झोप लागली म्हणून अंदाजे आकडा टाकला तर त्या क्षणी कोणालाच कळत नाही, पण पुढचे सगळे गणित नासते. माझ्या वाळलेल्या चिंधीने दोन-तीन तास वाया घालवले. तिथे शतकभराच्या नोंदी पणाला लागलेल्या असत.

१८७५ साली हेन्री ब्लॅनफर्ड यांच्या नेतृत्वाखाली भारतीय हवामान खाते सुरू झाले. १९२८ साली त्याचे मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आले, म्हणून पुणेकर आजही त्या जागेला 'शिमला ऑफिस' म्हणतात. १९४८ मध्ये तिथे ॲना मणी रुजू झाल्या. परदेशातून उपकरणे मागवण्यावर अवलंबून न राहता ती देशातच बनावीत, एकाच मापाची असावीत यासाठी त्यांनी आयुष्य वेचले. पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीतले कोरडे-ओले तापमापक गावोगावच्या केंद्रांत एकसारखे बोलू लागले ते अशा माणसांमुळे.

रेल्वेलाही ओल्या चिंधीची मदत लवकर सुचली होती. १८७० च्या दशकात जी.आय.पी. रेल्वेच्या पहिल्या वर्गाच्या काही डब्यांत वाळ्याच्या ओल्या ताट्या लावून हवा गार केली जात असे. तिसऱ्या वर्गाला मात्र खिडकीचाच वारा होता.

आता पुन्हा आपल्या ढोलवादकाकडे येऊ. खाणीतल्या मजुरांना किती उष्मा सोसेल हे तपासताना इंग्लंडच्या जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १९०५ साली दाखवले की, माणसाच्या सहनशक्तीचा निर्णय कोरडा पारा करत नाही, ओला करतो. वारा पडलेला असताना ओला पारा सुमारे ३१ अंशांवर गेला की विसावलेल्या माणसाच्याही शरीराचे तापमान चढू लागते. २०१० साली शास्त्रज्ञांनी हिशेब मांडून ही सीमा ३५ अंश ठरवली होती. पण २०२२ मध्ये अमेरिकेत तरुण, धडधाकट माणसांवर प्रत्यक्ष चाचण्या झाल्या, तेव्हा दमट हवेत ती पुन्हा ३१ च्या आसपासच निघाली. आणि या चाचण्या हलक्या हालचालींच्या होत्या. गळ्यात ढोल अडकवून, गर्दीत, उन्हात तासभर वाजवणाऱ्या मुलाची सीमा याहून खालीच असणार. तो मुलगा नाजूक नव्हता, त्याचा घाम उडायला हवेत जागा नव्हती.

म्हणून मंडळापुढे एक साधी सूचना ठेवतो. यंदा मांडवाच्या खांबाला, सावलीत, दोन तापमापक लावू. चिंधी रोज स्वच्छ करू, पाणी डिस्टिल्ड वापरू आणि वाचण्याआधी हातपंख्याने वारा घालू. ओला आकडा २८ च्या वर गेला की दर पंधरा मिनिटांनी वादक बदलायचे, पाणी प्यायला लावायचे आणि मांडवाचा मागचा पडदा वर करून वारा येऊ द्यायचा. खर्च एका हाराच्या किमतीइतका.

चिंधी ओली ठेवण्याची आणि रोजचा आकडा फळ्यावर खरा लिहिण्याची जबाबदारी मी घेतो. आणि मागच्या वर्षीचा तो मुलगा यंदा पथकात असेल तर दुसऱ्या पाळीचा आकडा त्यानेच वाचावा अशी माझी इच्छा आहे.