कानांनी वाचायचे पुस्तक

ग्रंथालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पुस्तकांची कपाटे येतात, आणि त्यांच्याही आधी ‘शांतता राखा’ ही पाटी. या पाटीच्या राज्यात आवाज काढणारे यंत्र शिरले कसे, ही हकिकत निदान वऱ्हाडापुरती तरी सांगण्याजोगी आहे.

अमरावतीस १९२३ साली किंग एडवर्ड कॉलेज निघाले, १९६९ साली अकोल्यास कृषी विद्यापीठ आले, आणि १ मे १९८३ रोजी नागपूरपासून वेगळे होऊन अमरावती विद्यापीठ जन्मास आले. या साऱ्या काळात अभ्यास म्हणजे छापील कागद. संगणक आले तेही प्रथम ग्रंथपालाच्या सोयीसाठी, याद्या करायला आणि देवघेव नोंदवायला. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९१ साली इन्फ्लिबनेटचा उपक्रम आरंभला. त्याची ‘सोल’ ही आज्ञावली २००० साली आली. वाचकाला या यंत्राशी फारसे कर्तव्य नव्हते.

ते निर्माण केले सीडीने. फ्लॉपीवर स्वच्छ आवाज जेमतेम ८ सेकंद मावे. तळहाताएवढ्या सीडीवर ७४ मिनिटे! साउंड कार्डाचा संगणक आणि कानाला हेडफोन, एवढ्यावर शेजाऱ्याची शांतता न मोडता अख्खी सभा ऐकता येऊ लागली. पुढे इंटरनेट आले. २०१० मध्ये एन-लिस्ट योजनेने लहान गावांतल्या महाविद्यालयांनाही परदेशी नियतकालिके खुली केली. पण ती वाचायची, ऐकायची नव्हेत. एका महाविद्यालयात मी हेडफोन मागितले, तर मोडतील म्हणून ते कुलपात ठेवल्याचे कळले. फाटतील म्हणून पुस्तके कुलपात ठेवणाऱ्यांचीच ही पुढली पिढी!

वऱ्हाडात ऐकण्याजोगे असे आहे तरी काय, असे कोणी विचारील तर विद्यापीठाच्या नावाकडेच बोट दाखवावे. ते आज संत गाडगेबाबांचे नाव धारण करते. बाबा १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मले आणि अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूरकडच्या दापुरे या मामाच्या गावी गुरे राखीत वाढले. दिवसा गाव झाडावे, रात्री कीर्तन करावे. भांडी विका, हातावर भाकरी घेऊन खा, पण पोरांना शिकवा, असे सांगणाऱ्या या माणसाने स्वतः शाळा पाहिली नव्हती. मग ग्रंथ कुठून लिहिणार? प्रबोधनकार ठाकऱ्यांनी लिहिलेले चरित्र आहे, आणि ते वाचावेच. परंतु बाबांचे कीर्तन सवालजवाबाचे. ते विचारणार, हजारो माणसे एका सुरात उत्तर देणार. हे कागदावर कसे उतरावे? शिवाय वऱ्हाडी माणूस ‘पानी’ म्हणतो. छापताना संपादकाचा हात शिवशिवतो आणि त्याचे ‘पाणी’ होते.

सुदैवाने ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथील पोलीस ठाण्यात झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले. सहा आठवड्यांनी, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगाव येथे बाबा गेले.

हे कीर्तन आता मोबाइलवरही ऐकता येते, मग ग्रंथालयाला तोशीस कशाला? आक्षेप रास्त आहे. पण बसमध्ये ऐकणे निराळे. आणि चरित्राचे पान शेजारी उघडून, आवाज थांबवून, मागे नेऊन, एकेक शब्द वहीत उतरवणे निराळे. मजुराच्या मुलीला घरी त्यासाठी टेबलही नसते आणि निवांतपणाही नसतो. तिच्यासाठी ते यंत्र हवे, चालू हवे, आणि हेडफोन कुलपाबाहेर हवेत.

एक अडचण मात्र ग्रंथपालाची. या कीर्तनाची सूचीत नोंद करायची तर कर्त्याच्या जागी लिहिता न येणाऱ्याचे नाव येते, आणि पृष्ठसंख्येच्या जागी मिनिटे.