खुडूक कोंबडीचा इतिहास

पुणे शहराने कोंबडीला सहजासहजी नागरिकत्व दिले नाही. मनुस्मृतीने द्विजांना ग्रामकुक्कुट निषिद्ध ठरविला होता आणि पेशवाईतील पेठांमध्ये त्या निषेधाचे वजन मोठे होते. ब्राह्मणवाड्याच्या चौकात तुळशीवृंदावन असे, गोठ्यात गाय असे. कोंबडी मात्र वेशीकडच्या वस्त्यांत, मुसलमान मोहल्ल्यांत आणि कष्टकऱ्यांच्या परसात वाढे. तरीही पहाटेची खबर सगळ्या पेठा तिच्या नवऱ्याकडूनच घेत. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, ही म्हण सोवळ्याओवळ्याच्या घरांतूनही चालत आली आहे.

आमच्या ख्रिस्ती समाजाचा या शहरातील इतिहासही असाच कडेकडेने सुरू झाला. पेशव्यांच्या सैन्यातील दों मिगेल दे नोरोन्या या पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या काळात, १७९२ साली, सवाई माधवराव पेशव्यांनी ख्रिस्तमंदिरासाठी जागा दिली आणि आज आपण ज्याला सिटी चर्च म्हणतो ते उभे राहिले. पुढे १८१७ साली खडकीची लढाई झाली, पेशवाई बुडाली आणि पेठांच्या पूर्वेस लष्कराची छावणी वसली. गोऱ्या पलटणींना रोज अंडी हवी असत, कोंबडी हवी असे. १८८० च्या दशकात कॅम्पात कॅनॉट मार्केट, म्हणजे आजचे शिवाजी मार्केट, उभे राहिले ते याच गरजेतून. बंगल्यांच्या आवारात खुराडी आली, गोव्याचे आचारी आले, आणि सिटी चर्चपासून कॅम्पापर्यंत अनेक कॅथलिक घरांच्या मागच्या दारी चार कोंबड्या व एक डालगे ही मांडणी नेहमीची झाली. ती सांभाळणारी असे घरची आई किंवा आजी. पुरुषांना त्यातले फारसे कळत नसे, आणि कळते असे दाखविण्याची सोयही नसे.

या आजीपाशी एक शब्द होता, आणि आजचा आमचा विषय तोच आहे: खुडूक. कोंबडी काही अंडी घालते आणि मग एक दिवस घालणे थांबविते. ती अंड्यांवर, नाहीतर नुसत्या रिकाम्या कोपऱ्यात, पिसे फुलवून बसते. हात लावला तर चोच मारते, छातीखालची पिसे झडून कातडी उघडी पडते, अन्नपाण्यासाठी दिवसातून एखाद्या वेळीच उठते आणि खुडूक-खुडूक असा घोगरा आवाज काढत परत जागेवर येते. ती खुडूक झाली. मग तिच्याखाली मोजून, बहुतेक घरी विषम संख्येने, अंडी ठेवायची आणि एकवीस दिवस वाट पाहायची. त्या काळात अंडी दिवसातून कितीतरी वेळा ती स्वतःच उलटसुलट करते. कडेची आत घेते, आतली कडेला सारते, म्हणजे ऊब सर्वांना सारखी मिळते. पिले निघाली की पुढे दीड-दोन महिने ती त्यांना दाणा टिपायला शिकविते, घारीची सावली पडताच पंखांखाली घेते. या सर्व काळात तिच्यापासून एकही अंडे मिळत नाही.

व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तर हा तोटाच. म्हणूनच अंड्यांची निकड असलेल्या घरांत खुडूक मोडण्याचे उपायही होते: कोंबडीला गार पाण्यात बुडविणे, उंच टांगलेल्या टोपलीखाली कोंडणे, नाकपुडीतून पीस ओवणे. शेवटचा उपाय क्रूर आहे आणि तो आजही कोठे कोठे केला जातो. कोंबडीच्या शरीरात प्रोलॅक्टिन नावाचा अंतःस्राव वाढतो तेव्हा तिच्यात ही वृत्ती जागी होते, हे विज्ञानाने नंतर सांगितले. मातेच्या अंगी दूध आणणारा अंतःस्रावही तोच.

आता थोडे दूर जावे लागेल, कारण हौसेने कोंबड्या पाळून त्या प्रदर्शनात मांडण्याची चाल इंग्लंडातून आली. १८४० च्या दशकात चीनमधून भल्यामोठ्या कोंबड्या राणी व्हिक्टोरियाच्या पक्षिगृहात पोहोचल्या आणि सरदारांपासून पाद्र्यांपर्यंत सर्वांना कोंबड्यांचे वेड लागले. १८४५ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात कोंबड्यांचे प्रदर्शन भरले, १८४९ साली अमेरिकेत बॉस्टनला. कोंबड्यांच्या झुंजींना त्याच सुमारास इंग्लंडात कायद्याने बंदी आली, आणि झुंजीच्या रिंगणातली ईर्षा प्रदर्शनाच्या मेजावर आली, असे म्हणायला हरकत नाही. १८५२ साली एका अमेरिकी हौशी माणसाने ब्रह्मा जातीच्या कोंबड्या राणीला भेट पाठविल्या. हे नाव आपल्या ब्रह्मपुत्रेवरून पडले, पक्षी मात्र बहुधा शांघायकडचे होते. विक्रेत्यांना भूगोलापेक्षा नावाचा डौल अधिक प्रिय असतो. मग तुरा कसा, पायांचा रंग कोणता, शेपटीचा कोन किती, याचे लेखी मानदंड ठरले: इंग्लंडात १८६५ साली, अमेरिकेत १८७४ साली.

या खेळात हिंदुस्थानची देणगी लहान नाही. आपल्याकडचा असील, ज्याचे नाव अरबीत 'अस्सल' या अर्थाचे आहे, कॉर्नवॉल परगण्यात नेला गेला आणि त्याच्या रक्तातून कॉर्निश जात तयार झाली. आज कोंबडीच्या दुकानात जो ब्रॉयलर टांगलेला दिसतो, त्याच्या रुंद छातीत या कॉर्निशचा, म्हणजे दुरून असीलचा, वाटा आहे. दुसरी गोष्ट आम्हाला याहून आश्चर्याची वाटते. साऱ्या पाळीव कोंबड्या तांबड्या रानकोंबड्यापासून आल्या असे डार्विनने मानले, आणि मुख्यत्वे ते खरेच ठरले. परंतु २००८ साली स्वीडनमधील संशोधकांनी दाखविले की, कोंबडीच्या पायांचा पिवळा रंग राखी रानकोंबड्याकडून आलेला आहे. हा राखी रानकोंबडा आपल्या सह्याद्रीचा रहिवासी. ताम्हिणी किंवा भीमाशंकरच्या रानात पहाटे जो तुटक आरव ऐकू येतो, तो त्याचाच.

प्रदर्शनाची ही चाल भारतात आली तेव्हा तिला एक वेगळे वळण मिळाले, आणि ते देणारे मिशनरी होते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात संयुक्त प्रांतातील एटा येथे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या स्लेटर नावाच्या मिशनऱ्याने गरीब, बहुतेक दलित ख्रिस्ती कुटुंबांसाठी कोंबडीपालनाचे काम उभारले. परदेशी जातीचे कोंबडे देऊन गावठी वाण सुधारणे आणि वर्षाकाठी प्रदर्शन भरविणे, असा त्याचा प्रकार होता. ज्याला गावात कोणी शेजारी बसू देत नव्हते, त्याचा कोंबडा मेजावर ठेवला जाई आणि त्याला बक्षीस मिळे. लंडनच्या प्रदर्शनापेक्षा आम्हाला हे प्रदर्शन मोठे वाटते. आमच्या प्रॉटेस्टंट बंधूंचे हे ऋण मान्य करण्यात संकोच कशाला?

पुण्यात ही सुधारणा मुख्यतः सरकारच्या हातून झाली. खडकीचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र अनेक कुटुंबांना ठाऊक आहे; एक दिवसाची पिले तेथून नेऊन वाढविणारे पुष्कळ आहेत. यंत्राने अंडी उबविणे ही काही नवी कल्पना नव्हे. मिसर देशात मातीच्या भट्ट्यांत हजारो अंडी उबविली जात, हे ग्रीकांनाही माहीत होते. पण स्वातंत्र्यानंतर पांढरी लेगहॉर्न आणि उबवणी यंत्र ही जोडी आली, तेव्हा एक गोष्ट कायमची बदलली. लेगहॉर्न सहसा खुडूक होत नाही. अंड्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवड करताना बसण्याची वृत्ती मुद्दाम काढून टाकण्यात आली. जी कोंबडी बसते ती घालत नाही, एवढा साधा हिशेब त्यामागे होता. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, आधुनिक संकरित कोंबडी तीनशेच्या घरात.

या हिशेबाने पुण्याला मोठे नाव दिले. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली हैदराबादेत सुरू केलेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीजचे मुख्य ठाणे पुढे पुण्यात आले. दलाल अंड्याचा भाव पाडत असताना, उत्पादकांनीच भाव जाहीर करावा यासाठी १९८२ साली त्यांनी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी केली. शेतकऱ्याला त्याचा लाभ झाला आणि गरिबाच्या ताटात अंडे आले, हे कोणी नाकारू नये. ज्या शहराने कोंबडीला वेशीबाहेर ठेवले, ते तिच्या व्यापाराची राजधानी झाले. मागच्या दारची आजी मात्र या कथेतून निघून गेली. तिचे ज्ञान कोणी विचारले नाही, कारण त्याची गरज उरली नव्हती.

मोठ्या शेडचे संकट लहान खुराड्यावर कसे कोसळते, ते २००६ साली नवापूरने पाहिले. त्या वर्षी फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील या गावी बर्ड फ्लूचा प्रादुर्भाव जाहीर झाला आणि लाखो पक्षी मारण्यात आले. शेडमधल्यांबरोबर आदिवासी पाड्यांतील परसातल्या कोंबड्याही गेल्या. रोग आवरण्यासाठी ते करावे लागले. परंतु नवापूर, साक्री आणि शेजारचा गुजरातचा भाग ही बसरा या देशी जातीची मूळ भूमी आहे, हे त्या वेळी बातम्यांतून फारसे आले नाही. शेडमधली कोंबडी पुढच्या वर्षी कंपनीकडून पुन्हा आली. परसातली कोंबडी अशी कोठून आणणार?

आता आजच्या हौशी लोकांकडे येऊ. पुण्यात ते आहेत, आणि कोंढव्यापासून देहूरोडपर्यंत, गच्चीवर नाहीतर पत्र्याच्या शेडमागे, त्यांची खुराडी आहेत. कोणी रेशमी पिसांची सिल्की पाळतो, कोणी डोक्यावर झुंबर मिरविणारी पोलिश, कोणी कोचीन, कोणी असील. सकाळी दाणापाणी, खालचा भुसा बदलणे, मानमोडीची लस वेळेवर घालणे, मांजर आणि मुंगूस यांच्यावर नजर ठेवणे, असा त्यांचा दिनक्रम असतो. प्रदर्शनाच्या आधी पक्ष्याला कोमट पाण्याने धुतात, तुऱ्याला व पायांना तेलाचा हात लावतात, आणि परीक्षकाने हाताळले तरी बुजू नये म्हणून आठवडाभर पिंजऱ्यात राहण्याची सवय लावतात. या पक्ष्यांच्या जोडीला जो भाव पडतो तो ऐकून आमच्या आजीने कपाळाला हात लावला असता. असीलच्या नावाखाली चोरून झुंजी लावणारेही आहेत. १९६० च्या कायद्याने तो गुन्हा आहे आणि ख्रिस्ती माणसाने तेथे उभेही राहू नये, हे आमचे स्पष्ट मत.

शेजाऱ्यांची तक्रार तर ठरलेलीच. २०१९ च्या मे महिन्यात एका महिलेने कोंबड्याच्या पहाटेच्या आरवण्याने झोपमोड होते म्हणून समर्थ पोलीस ठाण्यात अर्ज दिला आणि सोमवार पेठेतल्या त्या कोंबड्याची बातमी देशभर झाली. त्याच वर्षी फ्रान्समधील मॉरिस नावाच्या कोंबड्यावर असाच दावा झाला होता. सप्टेंबरात न्यायालयाने कोंबड्याच्या बाजूने निकाल दिला.

कोंबड्याचे हे असे नाव नेहमी होते, ख्रिस्तसभेतही झाले. पेत्राच्या नाकारण्याची साक्ष म्हणून तो युरोपातील मनोऱ्यांवर चढला. इटलीतील ब्रेशा येथे नवव्या शतकातला तसा एक धातूचा कोंबडा आजही जपून ठेवलेला आहे. गोव्यात नाताळच्या मध्यरात्रीची मिस्सा पोर्तुगीजांच्या चालीने कोंबड्याच्या नावाने ओळखली जाई. परंतु आपल्या प्रभूने यरुशलेमसाठी शोक करताना स्वतःला उपमा दिली ती कोंबड्याची नव्हे, पिलांना पंखांखाली गोळा करणाऱ्या कोंबडीची. जैतून डोंगरावरील दोमिनुस फ्लेवित या मंदिरात, जे १९५५ साली पूर्ण झाले, वेदीच्या दर्शनी भागावर तीच कोंबडी रंगीत खड्यांत साकारली आहे. आणि मोंझाच्या कॅथेड्रलमध्ये लोंबार्ड राणी थिओदेलिंदा हिच्या काळातील चांदीची, सोन्याचा मुलामा दिलेली कोंबडी आहे. तिच्याभोवती दाणे टिपणारी सात पिले. थोर पोप ग्रेगरी यांचा जिच्याशी पत्रव्यवहार होता, त्या राणीच्या नावाने हे चिमुकले कुटुंब तेराचौदाशे वर्षे टिकले आहे.

धर्मशिक्षणाच्या वर्गात हे शुभवर्तमान शिकविताना अलीकडे आम्हाला थांबावे लागते. पिले घेऊन हिंडणारी कोंबडी पाहिली आहे का, असे विचारले तर दोन-तीन हात वर होतात, आणि ते सुट्टीत गावी जाणाऱ्या मुलांचे. बाकीच्यांना कोंबडी ठाऊक आहे ती पिंजऱ्यातली, तोलून मिळणारी. त्यांनी पाहिलेल्या कोंबडीची आई यंत्र होते. प्रभूचा शब्द समजावून सांगण्यासाठी जी वस्तू हाताशी असायला हवी, तीच हिशेबातून वजा झाली आहे.

म्हणून या हौशी मंडळींची एक रीत आम्हाला मोलाची वाटते. पोलिशसारख्या दिखाऊ जाती स्वतः क्वचितच अंड्यांवर बसतात. त्यामुळे महागड्या पक्ष्यांची अंडी उबवायला हे लोक एखादी साधी गावठी कोंबडी हटकून बाळगतात. प्रदर्शनात तिला कोणी मांडत नाही, पण तिच्यावाचून पुष्कळांचे चालत नाही. खडकीहून आणलेली यंत्रातली पिलेही तिच्या हवाली करता येतात. त्यासाठी ती काही दिवस अंड्यांवर बसलेली हवी. रात्री पूर्ण अंधार झाल्यावर तिच्याखालची अंडी हळूच काढून घ्यायची आणि एकेक पिलू तिच्या पंखाखाली सरकवायचे. पिले एक-दोन दिवसांचीच असावीत आणि सगळी एकाच रात्री द्यावीत. उशिरा आणलेल्या पिलाला ती चोचीने हाकलते. आवाज करू नये, दिवा लावू नये. पहाटे ती उठते तेव्हा पिले तिच्यामागून चालू लागतात.