विनंतीचे व्याकरण आणि शिंद्यांचे दप्तर

इंग्रजी शिकवताना ‘इफ’च्या वाक्यात ‘वुड’ घालू नये, असे बजावले जाते. तरी ‘इफ यू वुड’ अशी विनंती शुद्धच ठरते, कारण तिथे शक्यता सांगायची नसते, समोरच्याची मर्जी विचारायची असते. मर्जीचा मान क्रियापदात राखण्याची ही सोय मराठीतही आहे, आणि ती उसनी नाही. तिचा पुरावा ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पत्रव्यवहारात मिळतो. गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेली ‘महादजी शिंदे ह्यांची कागदपत्रे’ १९३७ साली ग्वाल्हेरलाच प्रसिद्ध झाली. त्या काळच्या मराठी पत्रांत नात्यागणिक मायना आणि शेवट बदलतो. वरिष्ठ ‘जाणिजे’ म्हणून थांबतो, बरोबरीचा ‘लोभ असो द्यावा’ लिहितो, कनिष्ठ ‘सेवेसी श्रुत होय, हे विज्ञापना’ असे संपवतो. मागणे मात्र बहुधा विध्यर्थात येते: पाठवावे, करावे, आज्ञा व्हावी. ‘आज्ञा व्हावी’ यात आज्ञा देणारा वाक्यात दिसतही नाही. आणि निर्णय सर्वस्वी त्याच्यावर सोपवायचा असला की ‘आज्ञा झाल्यास’ हा संकेत, म्हणजे अटीची रचना, येतो.

ही कारकुनी लाचारी होती, असा आक्षेप घेतला जातो. तो टिकत नाही. १७८२च्या सालबाईच्या तहात इंग्रज आणि पेशवे यांच्यामध्ये मध्यस्थ म्हणून उभे राहिलेले आणि १७८४ पासून दिल्लीच्या बादशाहीचा कारभार हाती असलेले महादजी स्वतःला ‘पाटील’ म्हणवत आणि पेशव्यांशी सेवकाच्या रीतीने वागत. इतके सामर्थ्य असलेल्या माणसाला नम्र क्रियापद भीतीपोटी वापरावे लागत नाही. त्या रीतीत नाते जपले जाई आणि मागणेही ठामपणे मांडले जाई. दुसरा आक्षेप फारसीच्या प्रभावाचा. अर्ज, हुजूर, मेहेरबानी हे शब्द तिकडून आले, हे खरेच. पण ‘करावे’चा विध्यर्थ आणि ‘झाल्यास’चा संकेत ही घडण मराठीची आहे. ‘आपण आलात तर बरे होईल’ यात पुढच्या गोष्टीला भूतकाळाचे रूप का, असे कुणी विचारील. ते रूप इथे काळ दाखवत नाही. येण्याची सक्ती नाही, एवढेच ते सांगते, म्हणून ते चूक नव्हे.

ही परंपरा संपलेली नाही. शाळेच्या रजेच्या अर्जातले ‘तरी दोन दिवसांची रजा मंजूर करावी, ही विनंती’ हे वाक्य याच घराण्यातले. त्याच्या जागी हल्ली ‘आपण मला रजा देऊ शकाल का’ असे लिहिले जाते. त्यात मुख्याध्यापकांची रजा देण्याची कुवत विचारली जाते आणि मागणे मागेच राहते. मराठी शिकवणाऱ्यांनी, मग ते ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले असोत की पुण्यातले, मुलांना आधी ‘द्यावी’ लिहायला शिकवावे.