सोन्यावरचा एक रेणू जाडीचा थर : भोकं कशी शोधतात?

पाण्यात शिसं किंवा तांबं आहे का हे सांगणाऱ्या काही सेन्सरमध्ये सोन्याच्या इलेक्ट्रोडवर रेणूंचा एक पातळ थर चढवलेला असतो. थरात भोकं राहिली तर आकडा चुकतो, आणि तो आकडा बघूनच कुणीतरी ते पाणी पिणार असतं.

थर चढवणं सोपं. स्वच्छ सोनं थायॉलच्या अल्कोहोलमधल्या विरळ द्रावणात रात्रभर बुडवून ठेवायचं. थायॉल म्हणजे एका टोकाला गंधक असलेला कार्बनी रेणू. गंधक सोन्याला धरतो आणि शेपट्या एकमेकींना टेकून उभ्या राहतात. पकड मिनिटांत बसते, रांगा नीट लागायला मात्र तास जातात. शेपटी 18 कार्बनांची असली तरी थर जेमतेम 2 नॅनोमीटर! बेल लॅब्जच्या नझो आणि अलारा यांनी 1983 मध्ये गंधकाच्या रेणूंचे असे थर सोन्यावर दाखवले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या चाकी आणि विजयमोहनन यांचा 2002 चा आढावा लेख हे थर जैवसेन्सरसाठी कसे वापरता येतील यावरच आहे.

आता तपासणी. आमच्या खुलताबादला पितळेची भांडी अजून घरोघरी सापडतील. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं. डोळ्यांना न दिसलेली उघडी जागा ताकाला सापडते. इथे ताकाचं काम पोटॅशियम फेरीसायनाइड करतं. उघड्या सोन्यावर व्होल्टेज एकदा खाली, एकदा वर फिरवलं की ते इलेक्ट्रॉन घेतं आणि परत देतं, आलेखात करंटची दोन शिखरं येतात. याला सायक्लिक व्होल्टॅमेट्री म्हणतात. थर घट्ट असेल तर शिखरं गायब.

पण सपाट रेघ दिसली म्हणून लगेच 'टेस्ट पास' म्हणू नका. मोजकी, दूरदूरची भोकं सुट्या सूक्ष्म इलेक्ट्रोडसारखी वागतात, तिथे शिखराऐवजी पायरीसारखा छोटा चढ येतो आणि तो नजरेतून सुटतो. उलट शेपटी आखूड असेल तर भोक नसतानाही इलेक्ट्रॉन थरातून आरपार जातात.

म्हणून रेणू मोजायचे. अल्कलीच्या द्रावणात व्होल्टेज उणे 1 च्या आसपास नेलं की थर सुटतो, दर रेणूमागे एक इलेक्ट्रॉन खर्चून. सपाट सोन्यावरच्या भरगच्च थरासाठी हिशेब येतो दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 74 मायक्रोकूलॉम. आकडा याहून मोठा आला तर खूश होऊ नका, बहुधा सोनं खडबडीत असतं, म्हणजे खरं क्षेत्रफळ जास्त. ते आधी मोजावं लागतं. आणि या तपासणीत थरच जातो, त्यामुळे एकत्र बनवलेल्या इलेक्ट्रोडपैकी एखादा यासाठी बाजूला ठेवतात.