दोरीचा मान आणि हाताची कला

बाहुल्यांच्या खेळाविषयी एक मत आपल्याकडे इतके मुरले आहे की ते तपासून पाहावे असे कुणाला वाटत नाही. खरा खेळ दोरीचा, असे ते मत. वर दडलेला खेळिया आणि खाली नाचणारी कळसूत्री बाहुली, ही या कलेची पूर्ण वाढलेली अवस्था. हातात चढवून नाचवायची बाहुली ही तिची कच्ची पायरी, फार तर बालवाडीतले साधन. या मताचा सर्वांत मोठा अन्याय लखनौच्या गुलाबो-सिताबो या हातबाहुल्यांच्या जोडीवर झाला आहे.

पूर्वपक्ष दुबळा नाही. तो सगळ्या ताकदीनिशी मांडायला हवा. ज्ञानेश्वरीत सायखड्याचा दृष्टांत येतो तो दोरीच्याच बाहुलीचा, आणि बाहुली हलवणारा तो परमेश्वर ही कल्पना पुढे संतवाणीने आपल्या मनात रुजवली. आधुनिक काळात संस्कृतचे अभ्यासक शंकर पांडुरंग पंडितांनी नाटकातल्या सूत्रधाराचे नाते बाहुल्यांच्या दोरीशी जोडले. जर्मन संस्कृततज्ज्ञ रिचर्ड पिशेल यांनी १९०० साली हाले विद्यापीठातल्या भाषणात तोच धागा पकडून बाहुल्यांच्या खेळाची मायभूमी भारत असल्याचे प्रतिपादले. युरोपही याच बाजूने साक्ष देतो असे भासते. दोरीच्या बाहुल्यांना इटालियन भाषेत ‘फांतोच्चिनी’ म्हणत. अठराव्या शतकात हे नाव लंडनच्या उच्चभ्रू प्रेक्षकांत मिरवले. एस्टरहाझी राजघराण्याच्या बाहुलीनाट्यासाठी १७७३ मध्ये खुद्द संगीतकार हायडनने ‘फिलेमोन आणि बाउसिस’ला संगीत दिले.

आता उत्तरपक्ष. हातबाहुली ही आधीची पायरी असेल, तर कलेचा प्रवास हाताकडून दोरीकडे झालेला दिसायला हवा. इंग्लंडात तो उलटा झालेला आहे. रोजनिशीकार सॅम्युएल पेपिसने मे १६६२ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये इटालियन खेळियाचा पुल्चिनेला हा बाहुला पाहिला, त्याला दोऱ्या होत्या. त्याचाच वंशज इंग्रजी बाहुलीनाट्यातला पंच. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा पंच दोरी टाकून हातावर चढला. खर्च वाचला, एकट्याला खेळ घेऊन फिरता येऊ लागले, ही कारणे खरीच. पण कारण तेवढेच नाही. दोरीची बाहुली तरंगते, नाचते, उडते. काठी गच्च धरून नेमका तडाखा हाणणे तिला जमत नाही. हाताला जमते. भांडणाच्या नाट्याला हातबाहुलीच हवी.

आणि गुलाबो-सिताबो म्हणजे भांडणच. लखनौच्या गल्ल्यांतून आणि अवधच्या खेड्यांतून फिरणारा खेळिया दोन्ही हातांवर दोघींना चढवतो. तर्जनी मानेत, अंगठा आणि मधले बोट बाह्यांत. कुठे या सवती असतात, कुठे नणंद-भावजय. एक ठसकेबाज, दुसरी सोसणारी. पण सोसणारीचीही जीभ कमी तिखट नाही. टोमणे, उखाळ्यापाखाळ्या, मध्येच गाणे, मग पुन्हा झटापट. दोघींचे आवाज एकाच गळ्यातून निघतात, दोघींचे स्वभाव एकाच माणसाच्या दोन मनगटांत वसलेले असतात. पडदा लागत नाही, मंच लागत नाही. खेळिया समोर उभा असतो, त्याचे ओठ हलताना दिसतात, तरी बघ्यांची नजर बाहुल्यांवरून ढळत नाही. लपण्याची सोय नसताना हा भ्रम टिकवणे मला दोरीच्या कौशल्याहून तसूभरही कमी वाटत नाही.

हातबाहुली मुळातच ओबडधोबड, असा आक्षेप उरतो. त्याला केरळची पावकथकळी उत्तर देते. लाकडात कोरलेली मस्तके, कथकळीचीच रंगभूषा, तोच मुकुट आणि तेच संगीत, सगळे हाताच्या बाहुलीत. कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या प्रोत्साहनाने जी. वेणू यांनी इरिंजालकुडा येथे तिचे पुनरुज्जीवन केले. तेव्हा साधेपणा हा गुलाबो-सिताबोंच्या रस्त्यावरच्या जगण्याचा गुण आहे. हातबाहुलीची ती मर्यादा नव्हे.

सूत्रधाराचा मुद्दाही निर्णायक नाही. नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात नाट्यगृहाची आखणी सुताने करायची असते, आणि ते सूत तुटणे अशुभ मानले आहे. पंधराव्या शतकात मेवाडमध्ये वास्तुशास्त्राचे ग्रंथ लिहिणारा मंडन स्वतःला सूत्रधार म्हणवतो, आणि त्याच्या हातात मापाचे सूत आहे. एवढा दुसरा अर्थ समोर असताना केवळ त्या संज्ञेवरून दोरीच्या बाहुलीला नाटकाची जननी ठरवता येत नाही.

पिंगुळीच्या ठाकरांची कळसूत्री थोर आहे. ती जोपासणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, ती उशिराच. कळसूत्रीचा मान कमी करण्याचा इथे प्रश्नच नाही. तिच्या मापाने लखनौच्या बाहुल्या मोजू नयेत, एवढेच म्हणणे आहे. जून २०२० मध्ये शूजित सरकार यांचा चित्रपट आला आणि ‘गुलाबो सिताबो’ हे नाव घरोघरी पोहोचले. खेळ मात्र पोहोचला नाही. कित्येकांना ते केवळ अमिताभ आणि आयुष्मान यांच्या तंट्याचे शीर्षक वाटते.

महोत्सव भरवणाऱ्यांना आणि कोशांच्या संपादकांना माझी विनंती आहे: गुलाबो-सिताबोंची जागा मुलांच्या करमणुकीच्या रकान्यातून काढा, त्यांना लोकनाट्यात स्वतंत्र नोंद द्या, आणि या खेळाची अवधी गाणी अजून गाणारे आहेत तोवर ध्वनिमुद्रित करून घ्या.